दुरुस्त होऊन आलेली दाखवा

पशुधन पर्यवेक्षक म्हणून सेनगावकडच्या दवाखान्यात मी रुजू झालो ते शहाण्णव साली. मी मूळचा हट्ट्याचा, सपाट काळ्या रानातला. तिकडचा डोंगराळ मुलूख मला नवा होता. पहिल्याच महिन्यात एका तांड्यावर लस टोचायला गेलो. दोन-तीन बैल टोचून झाले आणि दगडावर बसलेली एक बाई ओरडली, "ओ डाक्टर! तीच सुई काहून घालून राहिले? त्या बैलाचं रगत हाय तिच्यावर."

मी सुईकडं पाहिलं. खरंच होतं. तिनं ओठाची एक कड खाली वळवली, सडक्या कांद्यावर पाय पडल्यासारखं तोंड केलं आणि बाजूला थुंकली. "उकळून आणा," म्हणाली, "न्हाईतर आमची जनावरं आजारी ऱ्हाऊ द्या."

ही जिवनबाई. तेव्हा चाळिशीची असेल. लहानपणी पोलिओनं डावा पाय वाळून गेला होता, म्हणून काखेत कुबडी. लग्न झालं नव्हतं, भाऊ थावरा आणि भावजय यांच्या शेजारी तिची वेगळी खोली होती. दिवाळी झाली की सारा तांडा ऊसतोडीला जायचा. घरांना कुलपं लागायची आणि मागं राहायची म्हातारी माणसं अन् गुरं. ती सगळी गुरं जिवनबाई सांभाळायची.

एका पायानं गुरं कशी सांभाळणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. तर तिचा जोडीदार होता पेमाकाका. साठी ओलांडलेला, कानानं ठार बहिरा, नजर अधू, पण पाय हरणासारखे. सकाळी जिवनबाई कुबडी टेकत माळावरच्या उंच खडकावर जाऊन बसायची. गुरं खाली उतारावर पांगायची आणि काका त्यांच्यात फिरायचा. गाय कुणाच्या हरभऱ्याकडं वळली की जिवनबाई लाल फडकं उंच धरून डावीकडं नाहीतर उजवीकडं हलवायची. काकाला लाल रंग तेवढा लांबून कळायचा. तो त्या बाजूला पळायचा. ती बघायची, तो चालायचा. दोघं मिळून एक धडधाकट गुराखी.

पण माळ मोठा होता आणि चाळिशीनंतर तिची नजर पूर्वीसारखी पोचेना. एका गावकऱ्यानं दोन गाई कोंडवाड्यात घातल्या, त्यावरून तांड्याची आणि गावाची बोलाचाली झाली. त्याच सुमारास रस्त्याचं मोजमाप करायला एक साहेब आला होता. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती. जिवनबाईनं ती मागून घेतली आणि डोळ्याला लावली. मी जवळच उभा होतो. कितीतरी वेळ ती दुर्बीण माळावरून फिरवत राहिली. मग म्हणाली, "गोऱ्ह्याच्या कानात गोचीड हाय. काका डोकं खाजवून राहिला. त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय."

परत करताना दुर्बीण तिच्या हातून सुटत नव्हती.

हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर दुर्बिणी आल्याची खबर मीच तिला दिली. दोन बोकडं विकून ती माझ्याबरोबर जीपनं आली. स्टॉलवर लाल मखमल पसरलेली, उदबत्ती लावलेली आणि मागं रेशमी शर्टातला, अत्तराचा वास मारणारा एक गोड बोलणारा माणूस. "रशियन मिलिटरीचा माल, मौसी. चंद्रावरचे खड्डे मोजा." दुर्बिणीच्या काचा माणकासारख्या लालभडक होत्या. वीस पट मोठं दिसतं, म्हणाला. वर्षभराची गॅरंटी, म्हणाला, आणि सोनेरी अक्षरांचं कार्डही दिलं. गर्दीत, दिव्यांच्या झगमगाटात तिनं ती मेरी-गो-राउंडकडं रोखली. घोडे तोंडाजवळ आल्यागत दिसले. घेतली.

माळावर पहिल्याच दिवशी कळलं की वीस पट मोठं दिसतं म्हणजे हातातला कंपही वीस पट मोठा होतो. गाय दिसायची, पण पाण्यातल्या सावलीसारखी हलायची. तिनं कोपरं गुडघ्यावर टेकवून पाहिली, दगडावर टेकवून पाहिली. तरी चालवून घेतलं. पंधरवड्यात मधलं चाक सैल झालं आणि एका गाईच्या दोन गाई दिसायला लागल्या, एक वर, एक खाली. डोळे ते दोन्ही चित्रं जुळवायला धडपडायचे. दुपारपर्यंत डोकं फुटायची वेळ यायची. एकदा मी टेकडी चढून गेलो तर ती खडकाच्या कडेला वाकून उलटी करत होती.

"तब्येत बरी न्हाई का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरली?" तोंड पुसत ती म्हणाली. "ह्या रांडेच्या काचेनं ओकायला लावलं."

कार्डावरच्या मुंबईच्या पत्त्यावर तो माणूस कधीच नव्हता, हे मुंबईला नोकरीला असलेल्या थावराच्या मेव्हण्याकडून कळलं. पण पुढच्या दसऱ्याला स्टॉल पुन्हा लागला. पाटीवरचं नाव नवं होतं, मखमल निळी होती, माणूस तोच आणि अत्तरही तेच. जिवनबाईनं दुर्बीण त्याच्यासमोर ठेवली.

"हमारी नहीं है," तो आधी म्हणाला. मग कार्ड पाहून म्हणाला, "गिरी होगी, मौसी. आपके हाथ से गिरी होगी." आणि दुर्बीण उचलून त्यानं अंगठा जिभेवर फिरवला आणि त्या थुंकीनं काच पुसली. वर खिशातल्या अत्तराच्या रुमालानं घोळवली. "लो, एकदम साफ."

मी जिवनबाईकडं पाहिलं. तिचं तोंड असं झालं होतं की जणू तिच्या ताटात कुणी थुंकलं.

"त्या आकाशपाळण्यात वरच्या पेटीत कोण बसलंय, बघून सांगा," ती म्हणाली.

त्यानं दुर्बीण लावली. "एक लेडीज."

"डोकी किती हायत तिला?"

भोवती उभी राहिलेली माणसं हसली. त्यानं दुर्बीण खाली ठेवली. मग दुसरी, तशीच लालभडक काचेची दुर्बीण पुढं सरकवून हळूच म्हणाला, "ये ले जाओ, झगडा मत करो." तिनं तिला बोटसुद्धा लावलं नाही. जुनी दुर्बीण मखमलीवर तशीच सोडली आणि म्हणाली, "तुमची थुंकी लागलीय तिला. तुमीच ठेवा." बसस्टँडवर आल्यावर तिनं नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले.

त्यानंतर दोन वर्षं ती दुर्बिणीचं नाव काढेना. परभणी जिल्ह्यातून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. मग एका हंगामात दोन वासरं ओढ्यात अडकली आणि तिला दिसली नाहीत. तेव्हा तिनंच मला गाठलं. "डाक्टर, चांगलं दुकान कुठं असंल?"

आम्ही नांदेडला गेलो. मोठं, काचेच्या दारांचं दुकान. या खेपेला ती शहाणी झाली होती. दुकानातल्या दिव्याखाली तिनं काहीच पाहिलं नाही, रस्त्यावर नेऊन पाहू द्या म्हणाली. दुकानदाराला ते आवडलं नाही, पण माझ्याकडं पाहून तो कबूल झाला. फुटपाथवर कुबडी काखेत दाबून ती एकेक दुर्बीण विजेच्या खांबावर लावायची. आधी एक डोळा मिटून, मग दुसरा, मग दोन्ही उघडे. खांब एकच दिसतो का, सरळ दिसतो का, कडेला वाकतो का. मग दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेत पडणारा उजेडाचा ठिपका पाहायची. गोल आणि स्वच्छ असेल तर ठीक, कडा चेपलेल्या असतील तर बाजूला. जास्त मोठं दाखवणारी तिनं हातातही घेतली नाही. "आठ पट बास," म्हणाली. "मोठं दिसून काय करायचं? हलाया नगं." ऊन उतरेपर्यंत तिथंच थांबली, कारण गुरं वळवायची वेळ सांजेची, आणि कमी उजेडात कोणती काच डोळे उघडे ठेवते ते तिला बघायचं होतं. शेवटी एक काळी, जाड रबराची, नावाजलेल्या कंपनीची दुर्बीण तिनं निवडली.

दुकानदार म्हणाला, "पाच वर्षांची वॉरंटी. काही झालं तर आमच्याकडं आणा, कंपनी पाठीशी उभी आहे."

ती दुर्बीण खरोखर चांगली होती. तीन वर्षं तिनं माळ तळहातावर आणून दिला. त्या वर्षांत कोंडवाड्यात एक गाय गेली नाही. पेमाकाकाचा पाय काट्यावर पडायच्या आधी फडकं हलायचं. मी लसीकरणाला गेलो की वरूनच सांगायची, "डाक्टर, तिसऱ्या झाडाखालची तांबडी लंगडून राहिली, तिला आधी बघा."

मग दोन हजार तीनच्या पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरली. आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले. पोळा झाल्यावर आम्ही ती नांदेडला नेऊन दिली. दुकानदारानं चहा मागवला. "पंधरा दिवसांत आणून देतो."

पंधरा दिवसांचा महिना झाला. मी गावातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचो. दुकानदार म्हणायचा, कंपनीकडं पाठवलीय. कंपनीवाला म्हणायचा, दुकानातून आलीच नाही. मग आली, पण पार्ट नाही. मग पार्ट आला, पण माणूस सुट्टीवर. एकदा तर पलीकडच्या पोरीनं मला विचारलं, "सर, तुमचं फॅक्स मशीन कोणत्या मॉडेलचं आहे?" दरवेळी आवाज गोड, दरवेळी शेवटी "आपला दिवस शुभ जावो." हे मी जिवनबाईला जसंच्या तसं सांगायचो आणि ती नाक आखडून ऐकायची. दिवाळी आली, गेली. तांडा उसाला निघून गेला. गुरं तिच्यावर सोपवली गेली आणि ती उघड्या डोळ्यांनी खडकावर जाऊन बसायला लागली.

थंडीतली गोष्ट. दुपार कलली होती. ओढ्याकडच्या उतारावर पळसाच्या झुडपाशी तिला पांढरा ठिपका दिसला. काकाचं धोतर. तिला वाटलं, तंबाखू मळत बसलाय. तो रोज त्या वेळी बसायचा. तिनं त्याला निवांत बसू दिलं. जरा वेळानं गुरं गावातल्या पुंजाजीच्या हरभऱ्याकडं उतरायला लागली. तिनं फडकं हलवलं. ठिपका हलला नाही. उभी राहून हलवलं. ओरडली, बहिऱ्या माणसाला ओरडून काय होणार, तरी ओरडली. मग तिनं कुबडी खाली फेकली आणि बुडावर घसरत, काट्याकुट्यातून, हातांनी ढेकळं धरत ती सगळा उतार उतरली.

काका दगडावरून घसरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुंजाजी शिव्या देत, गुरं कोंडवाड्यात घालायचीच म्हणून आला होता. समोरचं पाहून त्याच्या तोंडच्या शिव्या थांबल्या. त्यानंच गाडी जुंपली आणि काकाला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवलं.

मी हिंगोलीच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा काका जिवनबाईला विचारत होता, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. "मी हात हलवून राहिलो होतो की गं. लई येळ हलवला. तुला दिसलं न्हाई?"

तिनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

काका पुन्हा माळावर चढला नाही. संक्रांतीनंतर दुर्बीण परत आली. मी ती घेऊन तांड्यावर गेलो, पॅकिंग तसंच ठेवून, म्हटलं तिनंच उघडावं. वर कंपनीचं कार्ड होतं: तपासले, दोष नाही.

तिनं दुर्बीण नाकाजवळ नेली. "खोबरेल तेलाचा वास येऊन राहिला." डोळ्याच्या रबरावर कुणाच्या तरी कपाळाचं तेल तसंच होतं. मग तिनं ती डोळ्याला लावली आणि झटकन खाली घेतली.

"मुंगी हाय."

"बाहेर बसली असंल," मी म्हणालो.

"आत हाय. डाव्या नळीत. मेलेली. तिच्या बाजूला केस हाय कुणाचा तरी."

मी पाहिलं. सगळा माळ, गुरं, पळसाची झुडपं, आणि त्यावर आडवी पडलेली एक राक्षसी काळी मुंगी, पाय आक्रसलेले. बाजूनं जाड दोरखंडासारखा केस. एका कोपऱ्यात बोटाचा ठसा, त्याच्या रेषासुद्धा मोजता याव्यात असा. बुरशी उजव्या नळीत होती तिथंच होती. डावी नळी तर आमची नव्हतीच. तिचं रबर वेगळ्या रंगाचं होतं, स्क्रू ओरखडलेले होते. कुणाची तरी मोडकी दुर्बीण उघडून तिची अर्धी बाजू आमच्या दुर्बिणीला जोडली होती.

कुणीतरी हे उघडलं होतं, आत श्वास सोडला होता, बोट घातलं होतं, आत मुंगी मेलेली पाहिली असणार किंवा पाहायची तसदीही घेतली नसणार, आणि मग सही केली होती, दोष नाही.

आम्ही नांदेडला गेलो. दुकानदारानं दुर्बीण डोळ्याला लावली, रस्त्याकडं पाहिलं. "मावशी, कंपनीचं काम आहे, आमच्या हातात काय असतं? आणि दिसतंय की! थोडं काहीतरी आहे आत. पण काम होतंय ना तुमचं?"

"व्हय," जिवनबाई म्हणाली. "मुंगी दिसतीय. तुमच्या माणसाचा केस दिसतोय. बोट दिसतंय. आमच्या काकाचा हात तेवढा दिसला न्हाई."

दुकानदाराला काही कळलं नाही. तो माझ्याकडं पाहू लागला. मी सांगितलं. ऐकून त्यानं "अरेरे" केलं, आणि लगेच, त्याच दमात, म्हणाला, "असं करा, ही जमा करा. नव्या मॉडेलवर एक्स्चेंज स्कीम चालू आहे."

तोवर चहा आला होता. जिवनबाईनं कपाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि काचेच्या दाराबाहेर जाऊन पायरीवर थुंकली. परतीच्या बसमध्ये वसमतपर्यंत ती पदरानं नाक धरून बसली होती. समोरच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याला खोबरेल तेल होतं.

माझी बहीण दीक्षा तेव्हा हैदराबादेत नर्स होती. पुढच्या वर्षी तिच्याकडं जायचं निघालं तर जिवनबाई म्हणाली, मी येते. आता गुरांमागं चालायला थावराची पोरगी शिला होती. शाळा सुटलेली, कान चांगले, पाय चांगले. पण खडकावरून बघणारं माणूस लागतच होतं.

पहिल्या दुकानात तिनं दुर्बिणींकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आधीच विचारलं, "बिघडली तर उघडणार कोण?"

"हमारे माल को रिपेअरी लगतीच नै, अम्मा," दुकानदार म्हणाला.

"चला," ती मला म्हणाली.

दुसरं दुकान अरुंद बोळात होतं. पाटी जुनी, मालक चिडखोर. त्यानं नव्या दुर्बिणींचे खोके काढायला सुरुवात केली, तर जिवनबाईनं हात आडवा केला.

"नई नक्को," ती तिच्या हिंदीत म्हणाली. "बनके आयी सो दिखाव."

"क्या?"

"दुरुस्त होऊन आलेली. दुसऱ्या कुणाची तरी. ती दाखवा."

मालक म्हणाला, गिऱ्हाइकाची वस्तू अशी दाखवता येत नाही. ती स्टुलावर बसून राहिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, गेलं, ती बसलेलीच. शेवटी वैतागून तो आत गेला आणि कागदात गुंडाळलेली एक जुनी, रंग उडालेली दुर्बीण घेऊन आला. "एक मिनिट. बस्स."

जिवनबाईनं ती आधी हुंगली. मग स्क्रूंवरून नख फिरवलं. ओरखडा नव्हता. उजेडाकडं धरून मागून पुढून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "जिसने खोला, उसकू बुलाव."

आतून एक माणूस आला. कपाळावर भिंग सरकवलेलं, काम मोडल्यानं वैतागलेला. "क्या होना?" काय हवंय म्हणून त्यानं विचारलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती, हातांकडं बघत होती. नखं बुडापर्यंत कापलेली होती. तो काहीतरी पुटपुटत परत आत गेला.

"आता नव्या दाखवा," ती मालकाला म्हणाली.

तिनं घेतलेली दुर्बीण फारशा नावाजलेल्या कंपनीची नव्हती. आधीच्या दुर्बिणीपेक्षा कडेला जरा धूसर दिसायची, वजनही जास्त होतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या. पावसाळा तर येणारच हाय."

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या आत दुर्बीण हैदराबादला जायची. मी पाठवली की दीक्षा ती दुकानात नेऊन द्यायची, आठवडाभरात परत धाडायची. आत पाणी, धूळ, बुरशी काही राहायचं नाही. एकदा गळ्याचा पट्टा कुरतडलेला होता, तर न सांगता नवा लावून आला. एकदा दीक्षानं त्या कारागिराचा निरोप धाडला, चाक फार आवळून फिरवता, हलकं फिरवा. जिवनबाईनं ते ऐकलं आणि हलकं फिरवायला लागली.

नांदेडची दुर्बीण तिनं फेकली नाही आणि वापरलीही नाही. खोलीच्या बाहेर खुंटीला टांगून ठेवली होती. आत ठेवायची नाही, म्हणायची, घरात घाण नको.

पुढं तांड्यावर फवारणीचे पंप आले, मोबाईल आले, मोटारसायकली आल्या. कुणी काही घ्यायला निघालं की जिवनबाईला बरोबर न्यायचं, असं होऊन गेलं. हिंगोलीतले दुकानदार तिला ओळखून होते. कुबडीचा आवाज आला की त्यांचे चेहरे उतरायचे, कारण ती नवा पंप बघायचीच नाही. मागच्या खोलीत दुरुस्तीला पडलेले पंप बघायची, त्यावरची धूळ बोटानं बघायची आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून बाहेर पडायची. शिला लाजायची. "आत्या, लोक हसून राहिले." जिवनबाई म्हणायची, "हसू दे. त्यांच्या घरात घेऊन जाऊ दे ती घाण."

दोन हजार आठ साली माझी बदली झाली. निरोप घ्यायला माळावर गेलो तेव्हा दुर्बीण नुकतीच साफ होऊन आली होती. तिनं ती हुंगली, उलटीपालटी केली, डोळ्याला लावून आधी आतल्या काचा आणि मग माळ पाहिला. काही सापडलं नाही. मी म्हणालो, "जिवनबाई, त्या हैदराबादच्या माणसाला एकदा फोन तरी लावा. बरं काम करतो बिचारा. दोन चांगले शब्द बोला."

तिनं दुर्बीण खाली घेतली. ओठाची कड हळूहळू खाली वळली.

"काहून?" ती म्हणाली. "घाण केली न्हाई म्हणून हात जोडू त्याला?"

आणि खाली उतरणाऱ्या गुरांकडं पाहत तिनं शिलासाठी फडकं उचललं.